मार्क ३ अँबॅसिडरला १८०० आयएसझेडचं इंजिन, गिअरबॉक्स आणि हौजिंग (मागच्या चाकांमधला अॅक्सल, आत डिफरन्शियल) बसवायचंय. आधी काय मोजायचं, काय काय उतरवायचं?

काळी_माती (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. गाडी १९७७ ची अँबॅसिडर मार्क ३, मुक्काम जालना. पत्रा ठणठणीत आहे. मूळ १४८९ सीसीचं इंजिन चालू आहे. चार गिअर, दांडा स्टिअरिंगवर, चारही चाकांना ड्रम.

डोनर, म्हणजे ज्यातून भाग काढून घ्यायचे ते, म्हणून दोन पर्याय समोर आहेत. परभणीकडं एक १८०० आयएसझेड, म्हणजे इसुझू इंजिनाची नंतरची अँबॅसिडर, उभी आहे, पत्रा सडलेला पण आतलं सगळं जागेवर. दुसरा म्हणजे भंगारात सुटं पडलेलं कॉन्टेसाचं इसुझू इंजिन आणि त्याचा पाच गिअरचा बॉक्स. सुटं स्वस्त पडायलंय. ते घ्यावं का? आणि काम कुठल्या क्रमानं करावं? अंदाजपंचे नको, मापं आणि कारणं हवीत.

बालाघाटी

पूर्ण गाडी घ्या. सुटं इंजिन स्वस्त दिसतं, पण ते बसवायला जे पन्नास बारके तुकडे लागतात तेच पुढे महाग पडतात.

कॉन्टेसा आणि १८०० आयएसझेड या दोघींतलं इसुझू इंजिन एकच, १८१७ सीसी, बोअर ८४ आणि स्ट्रोक ८२ मिमी. तुमचं बीएमसी घराण्याचं १४८९, त्याचा बोअर ७३.०२५ आणि स्ट्रोक ८८.९. म्हणजे जुनं लांब स्ट्रोकचं, खालून ओढणारं; इसुझू जरा वर फिरून ताकद देणारं. पन्नासच्या आसपासच्या अश्वशक्तीवरून पंचाहत्तरच्या आसपास जाल. इंजिन एकच असलं तरी गाड्या वेगळ्या. कॉन्टेसाचं बूड व्हॉक्झॉल व्हिक्टरचं, पुढंमागं कॉइल स्प्रिंग. अँबॅसिडरचं मॉरिस ऑक्सफर्डचं, पुढं टॉर्शन बार (पिळानं स्प्रिंगचं काम करणारी सळई), मागं पाटे. त्यामुळं कॉन्टेसाच्या सेटमधलं चेंबर (इंजिनाखालचं ऑइलचं भांडं), फाउंडेशनचे (इंजिन रबरावर टेकतं तिथले) ब्रॅकेट, गिअरबॉक्सखालचा आडवा सपोर्ट, सायलेन्सरचा पुढचा पाइप आणि जॉइंट शाफ्ट (बॉक्सपासून मागच्या हौजिंगपर्यंत फिरणारा दांडा) तुमच्या गाडीत सरळ बसतील असं धरून चालू नका. आयएसझेडमध्ये हे सगळं कंपनीनंच अँबॅसिडरच्या अंगावर बेतून दिलेलं आहे. ते बेतलेलं काम म्हणजेच डोनर गाडी.

उतरवताना या वस्तू सोडू नका, पुढे सुट्या मिळत नाहीत: दोन्ही बाजूंचे फाउंडेशन ब्रॅकेट रबरासकट, गिअरबॉक्सचा सपोर्ट, रेडिएटर आणि त्याची पंख्याभोवतीची झाकणी, वरचा-खालचा होज (वळण जपण्यासाठी, जुना असला तरी), एक्सिलरेटरची आणि चोकची केबल, क्लचचा मास्टर सिलिंडर-नळी-स्लेव्ह, क्लच पेडल, स्पीडोमीटरची केबल, जॉइंट शाफ्ट, मागचं पूर्ण हौजिंग, हँडब्रेकच्या केबल, इंजिनकडचं वायरिंग कनेक्टरसकट, टेंपरेचर आणि ऑइलचे सेन्सर, एअर क्लीनरचं डबडं. गिअरच्या दांड्याभोवतीचा फ्लोअरचा पत्रा चारही बाजूंनी हातभर जास्त ठेवून कापून आणा. तो तुमच्या फ्लोअरवर साचा म्हणून ठेवायचा आहे.

गोदाकाठ

पाना हातात घ्यायच्या आधी कागद.

मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२. आरसीवर जी माहिती आहे ती कंपनीनं दिलेल्या मूळ माहितीशी विसंगत होईल असा बदल मालकानं करायचा नाही, असं ते कलम सांगतं. इंजिन बदलायचं तर नोंदणी अधिकाऱ्याची परवानगी आधी लागते. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं या कलमाचा अर्थ कडक लावला, तेव्हापासून कार्यालयं जास्त सावध असतात. तुमच्याकडं इंधन बदलत नाही, पेट्रोलचं पेट्रोलच राहतं, पण सीसी १४८९ चे १८१७ होतात आणि इंजिन नंबर बदलतो. म्हणून एमएच-२१, म्हणजे जालन्याच्या आरटीओकडं लेखी अर्ज करा. त्याच कंपनीनं त्याच मॉडेलला हे इंजिन दिलं होतं हे कागदानिशी दाखवा आणि उत्तर लेखी घ्या. नकार मिळाला तर तिथंच थांबा. नंबर खोडणं, जुनाच नंबर नव्या ब्लॉकवर ठोकणं असलं कुणी सुचवलं तर त्याच्या दारात पुन्हा जाऊ नका, तो सरळ फौजदारी गुन्हा आहे.

डोनरचंही पाहा. भंगारात गेलेल्या गाडीची नोंदणी मालकानं कलम ५५ खाली रद्द करून घेतलेली असावी. त्या रद्द आरसीची प्रत, इंजिन नंबर लिहिलेली विक्रीची पावती आणि विकणाऱ्याचं ओळखपत्र, एवढं हातात नसेल तर सौदा करू नका. काम झाल्यावर विमा कंपनीला लेखी कळवा. न कळवता अपघात झाला तर दावा अडतो.

आणि एक. २०२७ मध्ये गाडी पन्नाशीची होईल. जुलै २०२१ च्या नियमांत पन्नास वर्षांवरच्या गाड्यांसाठी 'व्हीए' मालिकेची नोंदणी आहे, फी २० हजार, मुदत १० वर्षं, नूतनीकरण ५ हजार. पण अट अशी की गाडी मूळ रूपात हवी, चेसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल नको. इंजिन बदललं की तो दरवाजा बंद. माझं प्रामाणिक मत, मूळ इंजिन चालू असताना मार्क ३ ला हात लावू नये.

मार्क_टू

गोदाकाठ, तुमच्या मताचा आदर आहे, पण व्हीए नोंदणीची गाडी रोज रस्त्यावर चालवता येत नाही. प्रदर्शन, रॅली, तांत्रिक संशोधन, इंधन भरणं आणि देखभाल, एवढ्यासाठीच परवानगी. जालना ते संभाजीनगर नियमित ये-जा करायची असेल तर त्या नोंदणीचा उपयोग नाही. दोन्ही वाटा खऱ्या आहेत, त्यानं आपली निवडावी.

मात्र मूळ इंजिन-गिअरबॉक्स विकू नका. इंजिनात प्लगच्या भोकांतून प्रत्येक सिलिंडरला दोन-तीन चमचे ऑइल सोडा, हातानं दोन फेरे फिरवा, प्लग लावा, तोंडं बंद करा आणि लाकडी चौकटीवर कोरड्या जागी ठेवा. महिन्यातून एकदा क्रँक पाऊण फेरा फिरवायचा. शेलला (गाडीच्या पत्र्याच्या सांगाड्याला) भोकं पाडाल तीही अशी पाडा की उद्या मूळ सेट परत बसला पाहिजे. कापाकापी करून परतीची वाट बंद केली तर पुढच्या मालकाच्या हाती ना मूळ गाडी उरते, ना नीट बदललेली.

पाना_बारातेरा

डोनर विकत घ्यायच्या आधीची तपासणी. हे इंजिन थंड असताना पाहायचं, तुम्ही जायच्या आधी कुणी गरम करून ठेवलं असेल तर दुसऱ्या दिवशी या.

कॉम्प्रेशन आधी कोरडं, मग प्रत्येक सिलिंडरला एक चमचा ऑइल टाकून. चारही ११ ते १२ किलोच्या आसपास आणि आपसांत एक-दीड किलोपेक्षा जास्त फरक नाही, तर ठीक. ऑइल टाकल्यावर आकडा चांगला वाढला तर रिंगा गेल्या. नाही वाढला तर व्हॉल्व्ह किंवा हेड गॅसकेट. बऱ्याच आयएसझेड टॅक्सी म्हणून गॅसवर चालल्यात. एलपीजीवर व्हॉल्व्हच्या सीटा लवकर बसतात, म्हणून व्हॉल्व्हची क्लिअरन्स एका-दोघांची शून्याला आलीय का हे कव्हर उघडून फीलर गेजनं पाहा.

रेडिएटरचं झाकण उघडा आणि आत बोट फिरवा. पांढरा खरखरीत थर लागला तर गाडी बोअरच्या पाण्यावर चाललेली. आपल्याकडचं पाणी जड, ब्लॉकच्या मागच्या कोपऱ्यात चुनखडीचा गोळा बसतो आणि चौथं सिलिंडर तापतं. इसुझूचं हेड अॅल्युमिनियमचं आहे, एकदा तापून वाकलं की गॅसकेट बदलून उपयोग नाही, फेस घासावा लागतो. सरळपट्टी लावून ०.०५ मिमीचं पातं कुठं शिरतंय ते लांबीत आणि कर्णात दोन्हीकडं बघा.

टायमिंगला साखळी आहे. सुरू होताना दोन सेकंद खडखडून थांबली तर टेन्शनर, सतत वाजत असेल तर साखळी आणि गाइड दोन्ही. इंजिन बाहेर असतानाच बदला.

गिअरबॉक्सचं ऑइल चाळणीतून काढा. पितळेची सोनेरी भुकटी थोडी चालते, ती सिंक्रोची. लोखंडाचे चकत्यासारखे तुकडे दिसले तर बॉक्स उघडल्याशिवाय घेऊ नका.

काळी_माती (धागाकर्ता)

कागदाचं पटलं, अर्ज आधी टाकतो. मूळ इंजिन ठेवणार आहे.

आता प्रश्न हौजिंगचा. माझं मागचं हौजिंग चांगलंय, आवाज नाही. मग आयएसझेडचं कामून बदलायचं? आणि माझं गुणोत्तर (चाकांच्या एका फेऱ्याला शाफ्टचे किती फेरे) किती आहे हे न उघडता कळतं का?

हौजिंगवाला

कळतं. गाडी न्यूट्रलमध्ये, मागचं एकच चाक जॅकवर उचला, दुसरं जमिनीवर, पुढच्या चाकांना उटी. जॉइंट शाफ्टवर खडूची खूण करा. हवेतलं चाक बरोबर १० फेरे फिरवा आणि शाफ्टचे फेरे मोजा. एक चाक स्थिर असल्यानं १० फेऱ्यांत क्राउन (हौजिंगमधलं मोठं दातेरी चक्र, त्याला फिरवणारं छोटं ते पिनियन) ५ फेरे फिरतो, म्हणून शाफ्टचे फेरे भागिले ५ म्हणजे गुणोत्तर. या घराण्यात ३९/८, ४१/९ आणि ४३/११ दातांचे जोड भेटतात. पहिल्याला साधारण साडेचोवीस फेरे येतील, दुसऱ्याला पावणेतेवीस, तिसऱ्याला साडेएकोणीस. हेच माप डोनरच्या हौजिंगवर घ्या. मॉडेलच्या नावावरून ठरवू नका. इतक्या वर्षांत कुणी कुठला क्राउन-पिनियन टाकलाय सांगता येत नाही.

आता कामून बदलायचं ते. टायरचा एक फेरा साधारण २ मीटर धरा, नेमका तुमचा खडूनं मोजा. ताशी ८० ला चाक मिनिटाला ६६७ फेरे फिरतं. थेट गिअरमध्ये, म्हणजे एकास एकच्या चौथ्यात, ४.८७५ वर इंजिन ३२५० फिरेल, ४.५५ वर ३०४० च्या आसपास, ३.९ वर २६००. पाचवा गिअर यावरही थोडा आराम देतो. इसुझूला जुन्या मोठ्या गुणोत्तराचं हौजिंग ठेवलं तर पहिला गिअर लावल्या लावल्या संपतो आणि हायवेवर इंजिन उगाच ओरडत राहतं.

दुसरं कारण ताकदीचं. जुन्या हाफ-शाफ्टनं चाळीस-पंचेचाळीस वर्षं कमी टॉर्क सोसलाय. चढावर दुसऱ्या गिअरमध्ये क्लच झटक्यात सोडला की स्प्लाइनपाशी पिळवटतो. डोनरचं हौजिंग घ्या, पण बसवण्याआधी चार मापं जुळवा: पाट्यांच्या बैठकींमधलं अंतर, ड्रमच्या तोंडापासून ड्रमच्या तोंडापर्यंतची रुंदी, स्टडचं वर्तुळ आणि पिनियनच्या फ्लँजचे बोल्ट. क्राउन-पिनियनचा बॅकलॅश (दातांमधली मोकळीक) डायल गेजवर ०.१० ते ०.१५ मिमी, चार ठिकाणी. एका जागी ०.१० आणि समोरासमोर ०.२५ आला तर क्राउन वाकडा बसलाय किंवा बेअरिंग गेलंय.

बालाघाटी

क्रम सांगतो. जुनं इंजिन काढायच्या *आधी* पुढची मापं वहीत लिहा, नंतर ती घेता येत नाहीत. सपाट जमिनीवर, टायरमध्ये सारखी हवा भरून, चारही मडगार्डच्या कमानीपासून चाकाच्या मध्यापर्यंतचं अंतर. क्रँक पुलीच्या मध्यापासून डाव्या-उजव्या चेसिसपर्यंत. पंख्यापासून रेडिएटरपर्यंत. गिअरबॉक्सच्या मागच्या फ्लँजचं जमिनीपासूनचं अंतर आणि त्याचा कोन. हीच मापं डोनरवरही घ्या, तीही इंजिन जागेवर असतानाच. जिनिंगच्या किंवा भुसाराच्या काट्यावर आधी फक्त पुढची चाकं चढवून वजन घ्या, काम झाल्यावर पुन्हा घ्या. फरक कळला तर टॉर्शन बार किती चढवायचा ते ठरवता येतं.

मग बोनट उतरवा, बिजागरीभोवती रेघ मारून. रेडिएटर आणि जाळी काढा. इंजिन आणि गिअरबॉक्स जोडलेलेच पुढून, तिरके करून काढायचे. चेन पुली किमान एक टनाची आणि तिची घोडी पक्क्या फरशीवर हवी. साखळी हेडला लावलेल्या उचलण्याच्या कड्यांनाच बांधा, कार्ब्युरेटरच्या स्टडना नाही. बॉक्सच्या शेपटातून ऑइल सांडतं, तिथं जुनं योक (शाफ्टचं बॉक्समध्ये सरकणारं टोक) घालून ठेवा.

फ्लोअरला भोक पाडताना एकच गोष्ट डोक्यात ठेवा. पुढच्या सीटखालच्या भागात टॉर्शन बारांचं मागचं टोक ज्या आडव्या सदस्याला (क्रॉस मेंबरला) धरलेलं असतं त्याला ग्राइंडर लावायचा नाही. गाडीचं पुढचं सगळं वजन त्यावर पेललेलं आहे. बॉक्सचा सपोर्ट त्याला अडत असेल तर सपोर्ट बदला, सदस्य नाही. डोनरचा कापून आणलेला पत्रा वर ठेवून खूण करा, भोक खुणेच्या २५ मिमी आत कापा आणि उरलेली कड वर वळवा, म्हणजे पावसाचं पाणी आत येत नाही आणि रबरी बूटही पकडला जातो.

फाउंडेशनचे ब्रॅकेट जिथं बसतात तिथं मार्क ३ च्या शेलला भोकं नसतील. इंजिन चेन पुलीवर लोंबत ठेवून, वर सांगितलेली मापं जुळवून, ब्रॅकेट फक्त टाके मारून बसवा. चेंबर आणि आडव्या सदस्यामध्ये, तसंच स्टिअरिंगच्या रॅकपासून, कमीत कमी २० मिमी मोकळं हवं. रबर नवं असताना इंजिन वर असतं, महिनाभरात ते बसतं, आणि झटका बसला की डोलतं. सगळं जुळलं की इंजिन परत बाहेर काढून मग पक्की वेल्डिंग. पोकळ सदस्यातून बोल्ट जात असेल तिथं आत नळीचा तुकडा घाला, नाहीतर बोल्ट आवळताना पत्रा चेपतो आणि पुढे ढिलाच राहतो.

लेथ_सात

जॉइंट शाफ्टबद्दल. डोनरचं इंजिन, बॉक्स आणि हौजिंग तिन्ही त्याच जागी बसले तर डोनरचाच शाफ्ट लागेल, हात लावू नका. दहा-पंधरा मिमीचा फरक आला तरच कापाकापी.

लांबी मोजायची ती गाडी चाकांवर उभी असताना. जॅकवर उचललेल्या गाडीत हौजिंग लोंबतं आणि माप चुकतं. सरकतं योक पूर्ण आत ढकला, मग २० ते २५ मिमी बाहेर ओढा, ती तुमची जागा. यापेक्षा आत ठेवलं तर खड्ड्यात योक बॉक्सच्या मागच्या बेअरिंगला ठोकतं. बाहेर ठेवलं तर स्प्लाइनची पकड कमी पडून शाफ्ट थरथरतो.

कापण्याआधी दोन्ही टोकांवर एका रेषेत छिन्नीची खूण करा. दोन्ही योकचे कान एका रेषेत यायलाच हवेत. वेल्डिंगनंतर नळीचा वाकडेपणा मधोमध ०.५ मिमीच्या आत, आणि मग डायनॅमिक बॅलन्सिंग. वाळूज किंवा चिकलठाणा औद्योगिक वसाहतीत विचारा. नुसत्या लेथवरच्या डोळ्यांच्या अंदाजावर शाफ्ट परत बसवू नका.

कोन. बॉक्सच्या फ्लँजला आणि पिनियनच्या फ्लँजला कोनमापक लावा. दोन्ही एकमेकांना समांतर, शाफ्टशी दोन्हीकडं १ ते ३ अंश, आणि दोहोंतला फरक १ अंशाच्या आत. शून्य अंशही चांगला नाही, क्रॉसमधल्या सुया एकाच जागी राहून खाच पडते. फरक असेल तर पाटा आणि हौजिंगच्या बैठकीत १ किंवा २ अंशांची पाचर मिळते, ती घाला.

पाना_बारातेरा

पुढचं आवर्जून सांगायचंय, कारण यात जीव जातो.

तुमची गाडी इंची आट्यांची, डोनरचं इंजिन मिलिमीटरचं. ३/८ चा बारीक आट्याचा बोल्ट ९.५२ मिमीचा असतो, एम१० दहाचा. ५/१६ चा ७.९४, एम८ आठचा. इंची बोल्ट मिलिमीटरच्या भोकात दोन-तीन आटे सहज जातो, पकडल्यासारखा वाटतो, मग आटे खातो. अॅल्युमिनियमच्या बेल हाउसिंगमध्ये असं झालं तर हेलिकॉइल (नव्या आट्यांची तारेची गुंडाळी) घालावी लागते. दोन डबे करा, इंची आणि मिमी, आणि बोल्ट हाताच्या बोटांनी शेवटपर्यंत गेला तरच पाना लावा.

सगळ्यात वाईट ब्रेकच्या नळीत. जुन्या ब्रेकची नट ३/८ इंच, इंचाला २४ आटे, म्हणजे आट्यांमधलं अंतर १.०५८ मिमी. नव्याची एम१०, अंतर १.० मिमी. जुनी नट नव्या सिलिंडरमध्ये जाते, आवळतेही, पहिल्या दाबाला गळतही नाही. जोरात पाय मारला त्या दिवशी आटे सुटतात. नळीच्या तोंडाचा आकारही वेगळा असतो, एकाचं तोंड आत दुमडलेलं दुहेरी, दुसऱ्याचं फुग्यासारखं. एकाच्या बैठकीत दुसरं बसत नाही. म्हणून मास्टर सिलिंडरपासून चारही चाकांपर्यंत नळ्या नव्या, एकाच प्रकारच्या आट्यांच्या. जुन्या-नव्याचा जोड मध्ये कुठंही नको.

मार्क_टू

ब्रेकचा विषय निघालाच आहे तर, १८१७ सीसी बसवून पुढं ड्रम ठेवू नका. नंतरच्या आयएसझेडला पुढं डिस्क मिळत होती. तुमच्या डोनरला असेल तर नकलपासून (पुढच्या चाकाच्या सांध्यापासून) कॅलिपरपर्यंत, सर्व्हो (पायाचा जोर वाढवणारं डबडं) आणि मास्टर सिलिंडरसकट उचला. ड्रमच्या जुन्या मास्टरमध्ये नळीत थोडा दाब अडवून धरणारा व्हॉल्व्ह असतो. तोच मास्टर डिस्कला लावला तर पॅड सतत घासत राहतात आणि दहा किलोमीटरवर चाक तापतं. डोनरला डिस्क नसेल तर आधी डिस्कवाला डोनर शोधा, इंजिन थांबलं तरी चालेल.

काळी_माती (धागाकर्ता)

डोनरला डिस्क आहे, सर्व्होही आहे. आज बघून आलो. कॉम्प्रेशन ११.५, ११, ११.५, १०.५. पाणी मात्र पांढरं.

वायरिंगचं विचारतो. माझ्या गाडीत डायनॅमो आहे आणि बॅटरीची *अधिक* बाजू बॉडीला जोडलेली दिसते. इसुझूचा अल्टरनेटर तसाच लावला तर?

लेथ_सात

तसाच लावला तर डायोड जोडताक्षणी जळतील. अल्टरनेटरला उणे बाजूच बॉडीला लागते.

आधी बॅटरी सोडा. टर्मिनलची जाडी वेगळी असते, उलटी करताना वायरीच्या टोकांचे लग बदला. डायनॅमोचा कटआउट-रेग्युलेटर पूर्ण काढा, नुसता बायपास नको. अँपिअर मीटरच्या मागच्या दोन वायरी अदलाबदल करा, नाहीतर चार्जिंगला डिस्चार्ज दाखवेल. कॉइल डोनरचीच वापरा. रेडिओ जुना असेल तर काढून ठेवा. डॅशमधला अँपिअर मीटर जुन्या डायनॅमोच्या करंटसाठी बेतलेला आहे, अल्टरनेटरचा सगळा करंट त्यातून नेला तर मागची वायर तापते. अल्टरनेटरपासून बॅटरीपर्यंत जाड वायर थेट, मध्ये फ्यूज लिंक, आणि डॅशमध्ये व्होल्ट मीटर. चालू इंजिनवर १३.८ ते १४.४ व्होल्ट दिसायला हवेत.

इंजिन रबरावर बसतं, म्हणजे बॉडीपासून तुटलेलं असतं. ब्लॉकपासून चेसिसपर्यंत विणलेली अर्थिंग पट्टी विसरलात तर सेल्फचा सगळा करंट चोकच्या किंवा एक्सिलरेटरच्या केबलमधून परत जायला बघतो. केबल लाल होते, आतलं प्लास्टिक वितळतं आणि एक्सिलरेटर अडकून बसतो. पट्टी दोन लावा, एक ब्लॉकला, एक बॉक्सला.

हौजिंगवाला

पांढऱ्या पाण्याचं हलक्यात घेऊ नका. इंजिन बाहेर असतानाच ब्लॉकच्या वेल्श प्लग काढा, तारेनं कोपरे खरवडा, उलट बाजूनं पाणी मारा. मार्क ३ चा जुना रेडिएटर वापरू नका. त्याचं झाकण कमी दाबाचं, ४ ते ७ पौंडांचं, सोल्डरिंगही तेवढ्याच दाबाची. इसुझूला ०.९ बार, म्हणजे १३ पौंडांचं झाकण. दर पौंडाला उकळबिंदू साधारण दीड अंश वर सरकतो. परभणी-नांदेडकडच्या ४२-४३ अंशांच्या मे महिन्यात एसटी मागं अडकल्यावर हाच फरक कामी येतो. डोनरचा रेडिएटर तांब्याच्या तीन ओळींची नवी कोअर टाकून घ्या, पंख्याभोवतीची झाकणी लावाच, नाहीतर पंखा तीच गरम हवा परत ओढतो. पाणी बोअरचं नको. डिस्टिल्ड किंवा आरओ, त्यात कूलंट ३५ ते ५० टक्के.

आणि थर्मोस्टॅट काढून टाकू नका.

गोदाकाठ

आपल्या भागात तर बहुतेक मेकॅनिक तो काढूनच टाकतात, उन्हाळ्यात गाडी थंड राहते म्हणून. चूक आहे का?

हौजिंगवाला

चूक आहे. थर्मोस्टॅट काढला की इंजिनातल्या इंजिनात फिरणारी बायपासची वाट कायम उघडी राहते आणि बरंचसं पाणी रेडिएटरला न जाताच परत फिरतं. सपाटीवर काटा खाली दिसतो, चढावर मात्र तापतं. हिवाळ्यात सकाळी इंजिन तापायला वीस मिनिटं घेतं, तोवर चोकवरचं जादा पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरचं ऑइल धुऊन काढतं. ८२ अंशांचा नवा घाला, बसवण्याआधी गरम पाण्याच्या भांड्यात थर्मामीटर धरून उघडतो का ते पाहा.

बालाघाटी

पेट्रोलच्या रबरी नळ्या सगळ्या नव्या घ्या, इथेनॉल सोसणाऱ्या. आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल आहे. जुनं रबर आणि पंपाचा पडदा आतून फुगतो, तुकडे कार्ब्युरेटरच्या जेटमध्ये अडकतात. टाकीही आतून धुवा, इथेनॉल जुना गंज सोडवून पुढं आणतं. डोनरला टाकीकडं परतीची नळी असेल तर तुमच्या टाकीलाही ते तोंड बसवून घ्या. टाकीला वेल्डिंग करायची तर ती करणाऱ्याकडंच द्या, आत पाणी भरून.

पहिल्यांदा सुरू करताना प्लग काढा, कॉइलची वायर सोडा, सेल्फ पाच-पाच सेकंद मारा, ऑइलचा दिवा विझेपर्यंत. मगच प्लग लावा. सुरू झाल्यावर लगेच बॉनेटखाली नको, आधी गाडीखाली टॉर्च मारून पाहा, क्लच स्लेव्ह आणि ब्रेकच्या नळ्यांपासून सायलेन्सर किती दूर आहे ते. ५० मिमीपेक्षा जवळ असेल तर मध्ये पत्र्याचा पडदा. तुमच्या जुन्या बीएमसी इंजिनात (बी-सीरीजमध्ये) इनटेक आणि एक्झॉस्ट एकाच बाजूला असतात, इसुझूत समोरासमोर, त्यामुळं जुन्या गाडीत जिथून नळ्या निर्धास्त जात होत्या तिथं आता आग असू शकते.

चाचणीला पहिल्या दिवशी घाटात जाऊ नका. आधी गावातच पंचवीस-तीस किलोमीटर, मग सगळे बोल्ट पुन्हा आवळा. नंतर दौलताबादवरून खुलदाबादचा चढ, दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये, काट्यावर लक्ष ठेवून. उतरताना ब्रेक तपासा, खाली आल्यावर चारही चाकांच्या डिस्क-ड्रमजवळ हात न लावता नुसती उष्णता बघा. एक चाक बाकीच्यांपेक्षा गरम असेल तर तेच घासतंय.

काळी_माती (धागाकर्ता)

शेवटचे दोन प्रश्न. पुढची सीट सलग बाकड्यासारखी आहे, ती ठेवायचीय. गिअरचा दांडा अडेल का? आणि ताशी ६०-७० ला थरथर आली तर ती शाफ्टची की इंजिनची, कसं ओळखायचं?

लेथ_सात

आयएसझेडला म्हणूनच पुढं दोन वेगळ्या सीटा होत्या. दुसरा आणि चौथा गिअर मागं ओढताना दांडा बाकड्याच्या काठाला लागतो. सीट एक खाच मागं सरकवा, मग दांडा वाकवून घ्या, पण लांबी वाढवू नका, लांब दांड्यानं सिंक्रोवर जोर येतो. शेवटचा उपाय म्हणून बाकड्याच्या फोममध्ये मधोमध खोबण.

थरथरीचं असं. ज्या वेगाला येते त्या वेगाला मोकळ्या रस्त्यावर क्लच न दाबता न्यूट्रल करा आणि इंजिन आयडलला येऊ द्या. थरथर तशीच राहिली तर शाफ्ट, कोन, किंवा चाक. पुढची दोन चाकं मागं टाकून परत पाहा, जागा बदलली तर चाक, नाही बदलली तर शाफ्ट. न्यूट्रलला थांबली तर फाउंडेशनचं रबर, प्रेशर प्लेट किंवा बॉक्सचा सपोर्ट. आणि फक्त चढावर, जोर देतानाच येत असेल तर पिनियनचा कोन, कारण जोर आला की पाटे पिळवटून पिनियनचं नाक वर उचलतं. तेव्हा पिनियनचं नाक १ अंश खाली येईल अशी पाचर बदलून पाहा.